जिन्याखालच्या ड्रोनच्या बॅटऱ्या

ए-२०३: नमस्कार. काल संध्याकाळी जिन्याखाली मीटरबोर्डाला लागून चार मोठ्या काळ्या बॅटऱ्या दिसल्या. हात लावला तर चांगल्याच तापलेल्या. शेजारी तीन स्कूटी, त्यांच्यात पेट्रोल. कोणाच्या आहेत?

बी-४०२: ताई, माझ्या. मखमलाबादकडे ड्रोनने मक्यावर फवारणी करून आलो होतो. चार्जिंगला लावल्या नव्हत्या, निवायला ठेवल्या होत्या.

ए-२०३: निवायला जिन्याखालीच का? रात्री काही झालं तर वरचे सगळे उतरणार कुठून?

सी-१०४: वहिनींचं बरोबर आहे. जिना हा सुटकेचा रस्ता. तिथे बॅटरीच काय, रद्दीसुद्धा नको.

बी-४०२: काका, ताई, मान्य. आजच हलवतो. पण ग्रुपवर नीट सांगतो, कारण सी-३०१च्या मुलाकडे छोटा कॅमेऱ्याचा ड्रोन आहे आणि सोसायटीत इलेक्ट्रिक स्कूटरही वाढल्यात.
फवारणीच्या ड्रोनची माझी एकेक बॅटरी १२ सेलची, २२,००० एमएएचची. म्हणजे एका बॅटरीत जवळजवळ १ युनिट वीज. ती पंधरा मिनिटांच्या आत उपसली जाते. इतका करंट सेलमधून ओढला की सेलच्या अंतर्गत रोधामुळे आत उष्णता तयार होते, आणि करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. ड्रोन हवेत असतो तोवर पंख्यांचा वारा लागतो. उतरला की वारा बंद, पण आतली उष्णता अजून बाहेर येत असते. म्हणून उतरल्यावर काही मिनिटं बॅटरी वरून आणखी गरम लागू शकते.

सी-३०१: दादा, माझा मुलगा घरी आला की लगेच चार्जिंगला लावतो. मग?

बी-४०२: वहिनी, तेवढं थांबवाच. गरम सेलमध्ये चार्जिंग केलं की आतलं रसायन लवकर खराब होतं, गॅस धरतो, बॅटरी फुगते. कंपन्या चार्जिंगसाठी साधारण ५ ते ४० अंशांची मर्यादा देतात. चांगल्या छोट्या ड्रोनची बॅटरी गरम असेल तर चार्जरच चार्जिंग सुरू करत नाही, तेव्हा मुलाला वाटेल चार्जर बिघडला. तसं नसतं. हाताला खोलीइतकीच गार लागेपर्यंत ठेवायची. माझ्या मोठ्या बॅटऱ्यांना तास-दीड तास लागतो.

बी-१०२: फ्रिजमध्ये ठेवली तर पटकन गार होईल ना?

बी-४०२: नको काका! बाहेर काढली की दव धरतं, ओल कनेक्टरमध्ये आणि सर्किटमध्ये जाते. ओलं फडकंही नको. सावलीत, फरशीवर, एकमेकींपासून वीतभर लांब, एवढं पुरे. एकावर एक रचल्या तर मधली निवतच नाही. आणि उन्हातल्या बंद गाडीत अजिबात नाही, ऑक्टोबरच्या उन्हातसुद्धा.

सी-१०४: सातपूरला मेंटेनन्समध्ये होतो म्हणून सांगतो. या बॅटरीने पेट घेतला तर आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा बसते, आत मात्र तापतच राहते आणि पुन्हा पेटते. एक सेल गेला की शेजारचा जातो. पेटल्यावर जवळ जाऊ नका, धूर विषारी असतो. लोकांना बाहेर काढा, १०१ ला फोन करा. थंड करायला पाणी भरपूर लागतं, ते काम अग्निशमनवाल्यांचं.

ए-१०१, सेक्रेटरी: जागा ठरवू. गच्ची चालेल?

बी-४०२: गच्ची दुपारी तापते काका, आणि सोलरच्या वायरी आहेत. मागच्या कंपाउंडला बोअरच्या बाजूला पत्र्याखाली सावली आहे, गाड्या लांब आहेत, जिना नाही. सिमेंटच्या फरशीवर ठेवीन. शेजारी वाळूच्या दोन बादल्या माझ्या खर्चाने.

ए-२०३: आणि चार्जिंग?

बी-४०२: ते शेतावरच्या जनरेटरवर किंवा माझ्या गाळ्यात, मी समोर बसलेलो असताना. इथे पार्किंगच्या ६ अँपियरच्या सॉकेटवर एक्स्टेंशन लावून कधीच नाही. दोन बॅटऱ्या पूर्ण वेगाने चार्ज करायच्या तर २ किलोवॉटच्या वर लोड जातो.
हंगाम संपला की भरलेल्या ठेवणार नाही, सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण अर्ध्यावर, आणून ठेवतो. पूर्ण भरलेली बॅटरी पडून राहिली तर लवकर खराब होते आणि पेटली तर जास्त भडकते.

सी-३०१: आमच्याकडे एक फुगलेली पडून आहे. ओल्या कचऱ्याच्या गाडीत टाकू का?

सी-१०४: वहिनी, नको! गाडीत दाबली गेली तर तिथेच पेटेल. सुक्यातही नाही. दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. कनेक्टरला टेप लावा, वाळू भरलेल्या डब्यात ठेवून बाल्कनीच्या सावलीत ठेवा. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

ए-१०१, सेक्रेटरी: शनिवारी ई-कचरावाल्याला बोलावतो. जुने सेल, पॉवर बँक, सगळं एकदम काढा.

ए-२०३: दादा, जिन्याखालची जागा आत्ता रिकामी दिसली. धन्यवाद. पत्र्याखाली मुलांचे बॉल जातात, तिथे दोरी बांधाल का?

बी-४०२: बांधतो ताई. संध्याकाळी पाटीही लावतो.