मदत हवी: दूरच्या दीर्घिकांचे क्ष-किरण चौपट येऊन राहिले

रात्रपाळी
परवा एमेस्सीचा प्रकल्प द्यायचा आहे. चंद्रा दुर्बिणीच्या डेटातल्या दीर्घिका एकीवर एक रचल्या, कारण एकेकटीत धड चार फोटॉनही नसतात. जोडताऱ्यांची, म्हणजे जिथे कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा जोडीदाराला ओरबाडतो त्यांची, जी क्ष-किरण तेजस्विता यायला पाहिजे, तिच्या चौपट येते. सूत्र तीनदा तपासलं. सर फोन उचलत नाहीत. शेतातल्या खोलीवर बसलोय, लाइन या आठवड्यात रात्रीचीच आहे. चूक कुठे ते लवकर सांगा.

बंडूभौ
बापा, एवढे क्ष-किरण गावावर पडून राहिले काय? लेकरं अंगणात झोपतात.

निवृत्त_मास्तर
बंडूभौ, ते हवेतच शोषले जातात. म्हणूनच १९९९ मध्ये चंद्रा वर सोडावी लागली.
रात्रपाळी, चौपट म्हणजे कशाच्या? रेडशिफ्ट किती, म्हणजे प्रकाश किती जुना?

रात्रपाळी
नेहमीच्याच प्रमाणाच्या. वर्षाला एका सूर्याएवढे तारे बनले तर सेकंदाला २.६ गुणिले १० चा ३९वा घात अर्ग. रेडशिफ्ट २ च्या आसपास.

धातुवादी
मग चूक नाहीच! ते प्रमाण जवळच्या दीर्घिकांचं. तेव्हा जड मूलद्रव्यं, ज्यांना आम्ही धातू म्हणतो, ती कमी होती, मोठ्या ताऱ्यांचे वारे मंद. तारा कमी झिजतो, मरताना कृष्णविवर जड सोडतो, आणि ते जोडीदाराला ओरबाडतं. चौपट लिही बिनधास्त.

निवृत्त_मास्तर
धातुवादी, प्रत्येक धाग्यात तुमचं हेच. पोराला खड्ड्यात घालू नका. ज्यांच्या मधोमध महाकाय कृष्णविवर खातंय, त्या दीर्घिका गाळल्यास का रे? एक राहिली तरी अख्खी रास नासते.

रात्रपाळी
सर, १० च्या ४२व्या घातावरच्या सगळ्या काढल्या. मध्यकही घेतला, फरक नाही.

बंडूभौ
सिग्नस एक्स-१ ही कृष्णविवर अन् ताऱ्याची जोडी ५.६ दिवसांत फेरी मारते म्हणे. आमच्या फाट्यावरची एसटी तेवढ्यातही येत नाही.

पऱ्हाटी
एक सांग, तारे बनायचा वेग कशावरून काढला?

रात्रपाळी
अतिनील प्रकाशावरून. त्यात काय?

पऱ्हाटी
धुळीची दुरुस्ती?

रात्रपाळी
कोणती धूळ?

पऱ्हाटी
जानेवारीत जिनिंगवर ये एकदा. आत कापसाच्या धुळीत बल्ब पिवळट, जवळ जावं तर चांगला लख्ख. दीर्घिकेतली धूळ अतिनील असाच खाते अन् तेच ऊन अवरक्तात बाहेर टाकते. तुझे तारे कमी मोजले गेले, म्हणून क्ष-किरण जास्त वाटतात. अवरक्त मिळव त्यात.

रात्रपाळी
मिळवलं ताई. सव्वादोन पटीवर आलं!

धातुवादी
उरलेलं सव्वादोन धातूंचंच.

निवृत्त_मास्तर
किंवा वायूमागं दडलेली केंद्रं. कठीण (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण आणि मृदू (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण वेगवेगळे रचून बघ. दडलेलं केंद्र कठीणमध्येच उठून दिसतं.

बंडूभौ
ताई, पऱ्हाटी काय भाव गेली तुमच्याकडे?

रात्रपाळी
लाइन गेली. मोबाइल ९ टक्के. मास्तर, कठीण म्हणजे किती केईव्हीच्या वर, तेवढं