साबणाला घाम फुटलाय, दिवाळीपर्यंत काही होईल का?

पडवीतली_प्रयोगशाळा
नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक होईल पण सगळंच लिहिते, नाहीतर तुम्ही एकेक विचारणार मी एकेक सांगणार आणि तोवर दिवाळी येऊन जाईल.

आमचं घर कुडाळजवळ. नारळ घरचे, मे महिन्यात खोबरं वाळवून घाण्यावर नेतो. यंदा तेल जरा जास्तच निघालं आणि खवट वास यायच्या आत काहीतरी करू म्हणून श्रावणात पहिल्यांदा साबण केला. १ किलो खोबरेल, १७४ ग्रॅम कॉस्टिक सोडा, ३८० मिली पाणी. वड्या पांढऱ्याशुभ्र, टणक, फेस तर विचारूच नका. पण सहा आठवड्यांनी वापरायला काढल्या तर अंग कोरडंठक्क पडायला लागलं, सासूबाई दोनच दिवसांत म्हणाल्या "माका नको गो तुझो साबण" आणि परत दुकानातली वडी सुरू.

मग डोकं लावलं की अर्धं खोबरेल काढून त्याजागी शेंगदाणा तेल घालू (माहेर सांगलीकडचं, डबा येतोच), म्हणजे मऊ पडेल. बाकी सगळं माप तेच ठेवलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरा घाणा ओतला, आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचा साचा, आत बटर पेपर. पहिला साबण संध्याकाळपर्यंत कापण्याजोगा झाला होता, हा दोन दिवस लोण्यासारखाच. कापून माळ्यावर सुपात मांडून ठेवला.

त्यानंतर परतीचा पाऊस आला. आमचं अर्धं भात कापून शेतातच आडवं, सगळी धावपळ, भिजक्या पेंढ्या आणून पडवीत उभ्या करून ठेवल्या, चार दिवस घरात पाय ठेवायला जागा नाही आणि सगळीकडे तो ओल्या गवताचा वास. कोजागिरीला चंद्र पण दिसला नाही, दूध पडवीतच प्यायलो पेंढ्यांच्या मधे बसून. या सगळ्यात साबण विसरलेच. काल माळ्यावर चढले तर वड्यांवर अळवाच्या पानासारखे थेंब!! आणि वरच्या बाजूला पांढरी भुकटी. शिवाय शेजारच्या सुपातली पहिल्या घाण्याची एक वडी उंदराने कुरतडून अर्धी केलेली, नव्याला मात्र तोंड लावलेलं नाही.

कुणीतरी सांगितलं होतं हळद लावून बघ, लाल झाली तर साबण वाईट. लावली. कुंकवासारखी लाल झाली. आता नरक चतुर्दशीला बारा दिवस आहेत आणि मी अख्ख्या वाडीला सांगून बसलेय की पहिल्या आंघोळीला घरचा साबण देणार. टाकून देऊ की काही करता येईल?

भिजलेला_कावळा
काही टेन्शन घेऊ नका ताई. साबण बनताना ग्लिसरीन तयार होतं ते बाजारू साबणात बरेचदा काढून घेतात, घरच्यात तसंच राहतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. कोकणात पाऊस पडत असताना साबणाला घाम येणारच. पांढरी भुकटी म्हणजे कॉस्टिकचा हवेशी संबंध येऊन झालेला धुण्याचा सोडा, ओल्या फडक्याने पुसला की गेला. पंख्याखाली ठेवा, ऊन पडलं की ऑक्टोबर हीट आहेच, वाळेल आपोआप.

चहा_बिनसाखरेचा
दुकानात दहा रुपयाला वडी मिळते हो. एवढा खटाटोप कशाला, त्यात भातकापणीच्या दिवसात.

पडवीतली_प्रयोगशाळा
@चहा दहा रुपयाला पोहे पण मिळतात एसटी स्टँडवर, म्हणून आम्ही चतुर्दशीला घरी पाच प्रकारचे पोहे करायचे सोडतो का? असो.

खडू_आणि_फळा
बाई, तो साबण कुणाला देऊ नका आणि स्वतःही लावू नका. आधी हे वाचा.

घामाबद्दल भिजलेला_कावळा म्हणतात ते खरं आहे पण तुमची गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, साबण मुलांकडून दरवर्षी करून घ्यायचो, ही चूक दर दोन वर्षांनी एक तरी गट करायचाच. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगवेगळं लागतं. १ ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला साधारण ०.१३६. खोबरेलातली फॅटी ॲसिडं आखूड साखळीची, म्हणजे तेवढ्याच वजनात त्यांची संख्या जास्त, म्हणून सोडा जास्त लागतो.

आता तुमचा हिशोब करू. ५०० ग्रॅम खोबरेल गुणिले ०.१८३ म्हणजे ९१.५. ५०० ग्रॅम शेंगदाणा गुणिले ०.१३६ म्हणजे ६८. बेरीज १५९.५. ही अगदी काठोकाठ झाली, आंघोळीच्या साबणात यातून ५ टक्के तरी कमी घालायचं म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं, म्हणजे १५१-१५२ ग्रॅम. तुम्ही घातलंय १७४. म्हणजे काठोकाठच्याही वर १४-१५ ग्रॅम कॉस्टिक त्या वड्यांमध्ये मोकळं बसलंय, त्याला खायला तेलच मिळालेलं नाही. ते थेंब नुसत्या ग्लिसरीनचे नसावेत. उंदीर तुमच्यापेक्षा हुशार निघाला असं म्हणायला हरकत नाही (रागावू नका).

हळदीचं. हळद कुठल्याही अल्कलीत लाल होते, हळदीला चुना लावून कुंकू करायचे ते याच तत्त्वावर. चांगला मुरलेला साबणसुद्धा अल्कलीच असतो, पीएच ९ ते १०, तेव्हा त्याच्यावरही हळद लालच होणार. श्रावणातल्या वडीला लावून बघा. ही परीक्षा साबणाला लागूच पडत नाही. खरी परीक्षा जुनी आहे, बोट ओलं करून वडीवर चोळा आणि ते बोट जिभेच्या टोकाला निमिषभर लावा. नुसती साबणाची चव आली तर ठीक. चौकोनी बॅटरीला जीभ लावल्यासारखा झटका बसला तर कॉस्टिक मोकळं आहे. लगेच चूळ भरा. थेंब आहेत तिथे नको, कोरड्या बाजूला करा.

आणि पहिला साबण कोरडा का पडला तेही त्याच पाढ्यात आहे. नुसत्या खोबरेलाचा साबण मळाबरोबर अंगावरचं तेलही ओढून काढतो, म्हणून त्यात ५ नाही, १५ ते २० टक्के सोडा कमी घालायचा. १ किलोला १४६ ते १५५ ग्रॅम. तेल बदलायची गरजच नव्हती.

भिजलेला_कावळा
मास्तर बरोबर आहेत, मी मापं नीट वाचलीच नाहीत, सॉरी ताई. पंख्याखाली वगैरे विसरा.

पडवीतली_प्रयोगशाळा
झटका बसला!! चांगला सणसणीत. लहानपणी ट्रान्झिस्टरची बॅटरी चाटायचो त्याची आठवण झाली. आणि जुन्या वडीला हळद लावली ती पण लाल, म्हणजे मी उगाच हळदीवर विसंबले. मास्तर तुमचे आभार, पण आता हे दीड किलो काय करू? ओढ्यात टाकवत नाही आणि जमिनीत पुरला तर माड जळतील अशी भीती.

उसाच्या_फडातून
ताई ओढ्यात मुळीच नको, साबण परत शिजवता येतो. माझा पण असाच झाला होता गेल्या वर्षी, करडई तेलाचा. तुम्हाला जास्तीच्या सोड्याला पुरेल एवढं तेल वाढवायचंय. मास्तरांच्या आकड्यांनी केलं तर (सोडा ५ टक्के कमी पडायला हवा म्हणून) १७४ ला ०.९५ ने भागा, १८३ आले, त्यातून १५९.५ वजा, उरले २३.७, त्याला ०.१८३ ने भागलं की १३० ग्रॅमच्या आसपास खोबरेल. चुकत असेन तर मास्तर सांगतीलच.

आता कृती, वेळ काढून करा, मधे उठून गुरांकडे जायचं असेल तर करूच नका. हातात रबरी मोजे आणि डोळ्याला चष्मा. वड्या किसणीवर किसा, ती किसणी मग स्वयंपाकात परत घ्यायची नाही. स्टीलच्या टोपात कीस, १३० ग्रॅम खोबरेल, अर्धी वाटी पाणी. टोप स्टीलचाच, जर्मनचा अजिबात नको. मी पहिल्या वेळी घाईत ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा कालवला तर ते फसफसायला लागलं, काळं पडलं, खोकला येऊन मी अंगणात पळाले, नंतर कळलं त्यातून हायड्रोजन निघतो आणि मी चुलीपासून दोन हातांवर बसले होते! तेव्हापासून साबणाची भांडी वेगळ्या पोत्यात.

हा टोप उकळत्या पाण्याच्या मोठ्या टोपात ठेवायचा, थेट आचेवर नाही. मंद आचेवर तास-दीड तास, मधूनमधून लाकडी उलथन्याने खालवर करायचं. आधी फुटलेल्या दुधासारखं दिसेल, मग गुठळ्या, धीर सोडू नका, शेवटी मोदकाच्या उकडीसारखा गोळा होतो, थोडा चकचकीत आणि अर्धपारदर्शक. तेव्हा थोडा काढून गार करून परत जीभ. झटका गेला की साच्यात दाबून भरा, साचा दोनचारदा जमिनीवर आपटा नाहीतर आत पोकळ्या राहतात. दिसायला काकवी जमल्यासारखा ओबडधोबड होतो, सुंदर वड्यांची आशा नको. पण शिजवलेला असल्यामुळे आठवडाभर वाळला तरी वापरता येतो, तुमची दिवाळी गाठेल.

आमच्याकडे बोअरचं पाणी जड, त्यात शेंगदाणा तेलाच्या साबणाला फेसच येत नाही, नुसती बादलीला पांढरी कड धरते. म्हणून मी आता निम्म्याच्या वर खोबरेल ठेवते. तुमचं विहिरीचं गोडं पाणी, तुम्हाला तो त्रास नाही, नशीबवान आहात.

खडू_आणि_फळा
हिशोब बरोबर आहे. एकच भर. अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली धरा, पंधरा-वीस मिनिटं, कंटाळा न करता. लिंबू किंवा व्हिनेगर चोळायचं नाही, लोक सांगतात, ऐकू नका. डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारत दवाखाना. आणि पुढच्या वेळी सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, अंगावर उसळतो.

लाडू_कमी_चिवडा_जास्त
मधेच विचारते, असे साबण पन्नास रुपयाला एक असे बचत गटाच्या स्टॉलवर विकता येतील का? आमच्या गटातल्या बायका मागे लागल्यात.

खडू_आणि_फळा
आंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात येतो, विकण्यासाठी बनवायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. हौसेने करून शेजारी देणं वेगळं आणि लेबल लावून विकणं वेगळं. आधी जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन विचारा. आणि वरचा किस्सा बायकांना वाचून दाखवा.

पडवीतली_प्रयोगशाळा
अपडेट देते. रविवारी केलं. कापणी संपली, एक दिवस कडकडीत ऊन पडलं, सगळे खळ्यात झोडणीला लागले आणि मी मागच्या पडवीत टोप घेऊन बसले. उसाच्या_फडातून ताई, तुम्ही "फुटलेल्या दुधासारखं" लिहिलं नसतंत तर मी चाळीस मिनिटांनी ओतूनच दिलं असतं. तास उलटून गेला, हात भरून आला, मग अचानक गोळा फिरला, कडेने टोप सोडायला लागला. जीभ लावली, झटका नाही, नुसती घाणेरडी साबणाची चव. रंग मळकट पिवळा, नाचणीच्या सत्त्वासारखा. शेवटी अर्धी मूठ नागरमोथा आणि आंबेहळद घातली उटण्यातली, आणि हो, ती लालसर तपकिरी झाली, यावेळी घाबरले नाही. यावेळी माळ्यावर न ठेवता खिडकीत पंख्यासमोर ठेवलाय.

उसाच्या_फडातून
वा वा! फोटो टाका. कापताना कडा तुटल्या तर तुटू द्या.

पडवीतली_प्रयोगशाळा
दिवाळी झाली, आता निवांत लिहिते. चतुर्दशीला पहाटे कारेटं फोडली, तेल, उटणं, आणि मग हा साबण. नवऱ्याला आवडला, मुलाला वास आवडला नाही. वाडीत वाटायच्या आधी घरातल्या चौघांनी आठ दिवस वापरून बघितला, कुणाला खाज नाही, चुरचुर नाही, आता दोन-दोन वड्या पोचवतेय. सासूबाईंनी आंघोळ केली आणि एवढंच म्हणाल्या "बरो हा, पण दिसता कसो तो". तेवढं पुरे.

श्रावणातल्या कोरड्या वड्या कपडे धुवायला काढल्या, कॉलरचा मळ असा निघतो की बस.

आणि मास्तर, तुमच्यासाठी. शिजवलेल्यातली एक वडी मुद्दाम माळ्यावर त्याच सुपात ठेवली होती. सकाळी बघितलं तर दोन कोपरे गायब, दातांच्या बारीक बारीक रेघा. म्हणजे पास! पण आता उरलेल्या अठरा वड्या ठेवू कुठे ते सांगा, पत्र्याच्या डब्यात बंद केल्या तर घाम येतो आणि उघड्या ठेवल्या तर हे असं.