तुमची मीटिंग तुम्हाला कितव्या खेपेला सापडली?

निरभ्र
जुनं पाकीट टाकून द्यायला काढलं, तर आतल्या कप्प्यात एक महिन्याचं नाणं निघालं. दारू सोडून महिना झाला की एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या ग्रुपमध्ये देतात ते. हातात धरून बसलो आणि त्याच्याही आधीची, माझी पहिली मीटिंग आठवली.

एएच्या बारा पायऱ्या असतात, दारूतून बाहेर पडायला एकेक करून चढायच्या; त्यांच्या अभ्यासाची मीटिंग होती ती. सगळे आठव्या पायरीवर, म्हणजे आपण कुणाकुणाला दुखावलं त्याच्या यादीवर बोलत होते. माझा दारूशिवायचा दुसरा दिवस, हात थरथरत होते, पायरी म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. घरी येऊन बायकोला म्हटलं, "एए आपल्यासाठी नाही." त्या एका वाक्याच्या आडोशाला पुढे दीड वर्ष प्यालो. एक मीटिंग जमली नाही तर दुसरी बघ, एवढं तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

दुसरी फार लांब पडली. तिसरीत ऑफिसातला माणूस दिसला आणि दारातूनच वळलो. तोही त्याच कारणासाठी आलाय हे फार उशिरा सुचलं, आज तो जवळचा मित्र आहे. चौथी जमली, कारण ती संध्याकाळी सातला होती. माझी बाटली सातलाच उघडायची. दिवसातला सगळ्यात अवघड तास कुणाच्या तरी शेजारी बसून निघून जायचा. म्हणून नवीन माणसाला मी आधी हेच विचारतो, तुमची प्यायची वेळ कोणती?

तुम्हाला तुमची कशी सापडली, लिहा.

वाटसरू
जिना. तीनदा अर्ध्यातून उतरलो. चौथ्यांदा एक काका वरून खाली येत होते, म्हणाले "वरच आहे, चल". बाकी काही विचारलं नाही. ९ वर्षं झाली. सविस्तर नंतर लिहितो, मुलीला आणायला निघालोय.

सांजवेळ
मी पिणारी नाही, पिणाऱ्याची बायको. ह्यांना न्यायचं तर आधी आपण बघून यावं म्हणून गेले. दारावर कळलं, क्लोज मीटिंग आहे, ज्यांना स्वतःचं पिणं थांबवायचंय त्यांच्यापुरतीच. रडूच आलं. तिथल्या एका ताईंनी ओपन मीटिंगचा वार सांगितला, तिथे कुणीही बसू शकतं. आणि म्हणाल्या, "ह्यांचं राहू दे, तुम्ही स्वतःसाठी अल-ॲनॉनला जा." घरच्यांसाठी हे १९५१ पासून आहे आणि मी अकरा वर्षं एकटी बाटल्या ओतत होते. हे अजून पितात. मी बाटल्या शोधणं सोडलंय, रात्री झोप लागते.

निरभ्र
सांजवेळताई, माझी बायकोही ओतायची. आज तिला हे वाचून दाखवतो.

काठावर
माझं अडलं ते देवाशी. तिसऱ्या पायरीत 'आपल्याला जसा उमगला तसा ईश्वर' आहे, लोकांनी समजावलं की ग्रुपलाच ती शक्ती मान. नाहीच पचलं. मग स्मार्ट रिकव्हरी मिळालं, १९९४ पासूनचं. पायऱ्या नाहीत, स्पॉन्सर म्हणजे नव्याला सांभाळून नेणारा जुना सदस्य, तोही नाही. पिण्याचे आणि न पिण्याचे फायदे-तोटे चार चौकोनांत लिहून काढायचे. माझ्या डोक्याला हे पटलं. आता एएच्या ओपन मीटिंगलाही जातो, तिथल्या एका आजोबांचं बोलणं ऐकायला.

मधली_ओळ
मिश्र मीटिंगमध्ये एकाला नंबर दिला, अडचणीला फोन करता यावा म्हणून. रात्री अकराला भलतेच मेसेज. महिनाभर गेलेच नाही, आणि त्या महिन्यात प्याले. नंतर फक्त बायकांची मीटिंग मिळाली, ऑनलाइन. मुलगा झोपला की कॅमेरा बंद ठेवून बसायचे. तो पोटात असताना प्याले होते, ते तिथे पहिल्यांदा मोठ्याने बोलले. बायांनो, स्पॉन्सर बाईच घ्या.

निरभ्र
वाचून फार राग आला. असं कुणी वागलं तर ग्रुपमध्ये सांगायलाच हवं.

मधली_ओळ
सांगितलं नंतर. तेव्हा ताकद नव्हती.

शुश्रूषा
निरभ्र, "दुसरा दिवस, हात थरथरत" इथेच थांबले मी. वॉर्डात काम करते म्हणून बोलते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केलं तर आकडी येऊ शकते, बहुतेक वेळा पहिल्या २ दिवसांत. पुढच्या एक-दोन दिवसांत भ्रम, ताप, दरदरून घाम. यात जीव जातो. मीटिंग शोधा, पण आधी डॉक्टरांना गाठा.

वाटसरू
आलो परत. सोडल्यावर गोडाची हाव कुणाला सुटली होती का? मी रात्री दोनला उठून चॉकलेट खायचो.

काठावर
मला सहा महिने. खायचं बिनधास्त.

नवा_पाहुणा
उद्या पहिल्यांदा जातोय. बोलावं लागतं का? पैसे? आडनाव?

निरभ्र
यातलं काहीच नाही. पहिलं नाव पुरे. "आज फक्त ऐकतो" म्हटलं की पुढच्याकडे जातात. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, तीत काही टाकलं नाही तरी चालतं. अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. पण शुश्रूषाताईंचं वाचलंस ना?

नवा_पाहुणा
हो. डॉक्टरांकडे जाऊन आलोय, गोळ्या चालू आहेत.

सांजवेळ
जा रे बाळा. आल्यावर कळव, वाट बघतेय.

नवा_पाहुणा
जाऊन आलो. दाराजवळ बसलो, बोललो नाही. एकांनी फार लांबवलं तेव्हा उठून जावंसं वाटलं. संपल्यावर खुर्च्या आवरायला हात लावला, तर एक काका म्हणाले, "गुरुवारी पण ये, आवरायला माणसं कमी पडतात." गुरुवारची साडेसहाला असते. माझी वेळ सातची.

वाटसरू
खिशात चॉकलेट ठेव.