जुनी गाणी पुन्हा बांधावीत का? पॉल सायमनच्या 'इन द ब्लू लाइट'वरून

मिरजवाला
पंधरा दिवस हा एकच अल्बम लावतोय. अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमन ७६ वर्षांचा असताना, २०१८ साली आला. नवं गाणं एकही नाही. १९७३ ते २०११ मधल्या आपल्याच अल्बममधली दहा गाणी त्याने पुन्हा बांधून गायली आहेत. जुना जोडीदार गार्फंकलबरोबरचं एकही नाही, 'ग्रेसलँड' या गाजलेल्या अल्बममधलंही नाही. जी तेव्हा लोकांच्या कानाआड गेली किंवा त्याला स्वतःलाच थोडक्यात हुकल्यासारखी वाटत होती, तेवढीच घेतली. गाजलेली गाणी नव्याने गाऊन पैसा मिळवणं सोपं होतं, ते त्याने केलं नाही. मला हा फार मोठा प्रामाणिकपणा वाटतो.

कृष्णाकाठ
साफ अमान्य. 'कान्ट रन बट' ऐका. १९९०च्या अल्बममध्ये त्याखाली ब्राझीलची तालवाद्यं होती, बसल्या जागी पाय हलायचा. आता तिथे वायम्युझिक या वादकांच्या गटाची सहा वाद्यं आहेत: तीन तंतुवाद्यं, बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट. वाजवलंय सुरेख, पण ते कानापर्यंत येतं आणि तिथेच थांबतं. आवाजही आता पातळ झालाय.
शिवाय त्याने काही ठिकाणी शब्दही बदललेत. आपल्या हरिपूरच्या देवलांचं 'शारदा' १८९९चं. त्यातली पदं किती जणांनी आपापल्या परीने फुलवली, पण शब्दांना कुणी हात लावला का?

मिरजवाला
देवलांच्या शब्दांना दुसऱ्याने हात लावू नये, हे शंभर टक्के खरं. पण इथे ज्याने लिहिलं तोच खोडतोय! अर्थ नीट पोचत नव्हता असं त्यालाच वाटलं, मग त्याने दुरुस्त करायचं नाही तर कुणी?
आमच्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एकदा माझा तानपुरा जवारीला, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद जुळवून घ्यायला, दिला होता. कारागीर घोडीवर कानस दोनदा फिरवायचा, तार छेडायचा, मान वाकडी करून ऐकायचा, परत कानस. तासभर हेच चाललं होतं. त्याने मला सांगितलं, वाजून वाजून घोडी झिजते, मग नाद बसतो. गाण्याचंही तसंच होतं असं मला वाटतं.

कृष्णाकाठ
अहो, पण जवारी काढल्यावर तानपुरा त्याच्या मूळ नादावर येतो. तुमच्या सायमनने भोपळाच बदललाय!

विश्रामबागची
मी मध्येच बोलते. तुम्ही दोघंही 'डार्लिंग लोरेन'बद्दल बोलत नाही आहात. एका जोडप्याचा अख्खा संसार आहे त्यात. भांडणं, 'मी चालले' म्हणणं, परत येणं, आणि शेवटी लोरेनचं आजारपण. २०००चं मूळ गाणं मला पाठ होतं. त्यात गाणारा गोष्ट सांगतोय असं वाटायचं. नव्यात तो ते घर ओळखतो. मिस्टरांच्या आजारपणानंतर मी दोन्ही ऐकली आणि मूळ गाणं अर्ध्यावर बंद केलं. कृष्णाकाठ, ज्याला तुम्ही पातळ आवाज म्हणता, त्याच आवाजाची त्या गाण्याला गरज होती.

कृष्णाकाठ
ताई, या गाण्यापुरतं तुमच्यापुढे काही बोलत नाही. रात्री पुन्हा ऐकेन.
पण दहापैकी चार गाणी त्या एकाच २०००च्या अल्बममधली आहेत. म्हणजे तो अल्बम मनासारखा झाला नाही, हे त्याच्या मनाला लागून राहिलं असणार. मग तेवढाच पुन्हा करायचा होता. १९९०च्या गाण्यात काय हुकलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

मिरजवाला
चारचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि भोपळ्याचं म्हणणं 'कान्ट रन बट'पुरतं मान्य. 'पिग्ज, शीप अँड वूल्व्ह्ज'ला मात्र सोडणार नाही. जॅझ ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिसच्या मंडळींनी न्यू ऑर्लिन्सच्या जॅझच्या ढंगात ते असं काही उभं केलंय की जुनं मला आता कच्च्या खर्ड्यासारखं वाटतं.
रविवारी घरी या. तुमची १९९०ची कॅसेट आणा, माझा डेक चालू आहे. ताई, तुम्हीही या. आधी जुनं लावू.