नुसती चेन बदलून भागणार नाही

तुम्ही 1985 च्या होंडा एटीसी 200एक्स या तीनचाकी ऑफ-रोड गाडीला नवी चेन टाकलीत, स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) जुनेच ठेवलेत आणि आता चढावर चेन दात सोडते. माझ्याकडेही तेच मॉडेल आहे, आणि हीच चूक मीही केली होती. झिजलेली चेन लांब होते आणि स्प्रॉकेटचे दातही तशीच झीज घेतात, एका बाजूला वाकून हुकासारखे होतात. नवी चेन त्या दातांवर नीट बसत नाही आणि लवकर संपते. त्यामुळे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. पुढचं लहान असतं, दात कमी, म्हणून तेच आधी जातं. मागचं मात्र स्टीलचंच घ्या. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण चिखल-वाळूत टिकत नाही.

जुनी चेन मोजून बघा. या गाडीच्या 520 मापाच्या चेनचे 20 पिच (पिच म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर) नवे असताना 317.5 मिमी भरतात. ताणून धरल्यावर 323 च्या पुढे गेले तर ती काढाच.

आणि एक, नवीन सामान बसवण्याआधी मागचं चाक धरून हलवा. ॲक्सलचं (मागची चाकं ज्यावर बसतात त्या दांड्याचं) बेअरिंग ढिलं असेल तर स्प्रॉकेट तिरकं फिरतं आणि नवा सेटही खातं. माझ्या गाडीत खरा दोष तोच निघाला.

जोडकडीच्या (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवा. वेगात तुटलेली चेन इंजिनचं केसिंग फोडू शकते, आणि या गाड्यांची केसिंग आता सहज मिळत नाहीत.