यादी वाढली की बटण गायब

तुमचा प्रश्न असा: फ्लटरमध्ये (मोबाइल ॲप बनवायचं साधन) यादीखाली बटण ठेवलंय, पण यादी वाढली की ते स्क्रीनबाहेर जातं. वर कुणी लिस्टव्ह्यूला, म्हणजे स्क्रोल होणाऱ्या यादीला, ३०० ची ठरावीक उंची द्यायला सुचवलंय. मी तरी देणार नाही. एका फोनवर ते चपखल बसतं, फोन आडवा धरला की पुन्हा तेच रडगाणं.

फ्लटरचा कॉलम (एकाखाली एक घटक मांडणारा) ज्या घटकांना फ्लेक्स, म्हणजे उरलेल्या जागेतला वाटा, नाही त्यांना आधी जागा देतो, उरलेली फ्लेक्सवाल्यांना वाटतो. म्हणून यादी एक्स्पांडेडमध्ये (उरलेली सगळी जागा व्यापणारं वेष्टन) गुंडाळा आणि बटण तिच्याखाली तसंच ठेवा. बटणाची उंची आधीच बाजूला निघते, उरलेल्या जागेत यादी स्क्रोल होते.

पण तुम्हाला दोनच ओळी असताना बटण त्यांच्या लगेच खाली हवंय. एक्स्पांडेडने ते कायम तळाशीच जाईल. तिथे फ्लेक्सिबल (लागेल तेवढीच जागा घेऊ देणारं वेष्टन) घ्या आणि लिस्टव्ह्यूचं श्रिंकरॅप ट्रू करा, म्हणजे यादी तिच्या ओळींइतकीच उंच राहते. ओळी वाढतील तसं बटण खाली सरकतं, तळाला टेकलं की थांबतं. हा सगळा कॉलम सिंगलचाइल्डस्क्रोलव्ह्यूमध्ये (आतलं सगळं एकत्र स्क्रोल करणारं वेष्टन) मात्र घालू नका. उंचीला मर्यादाच उरत नाही आणि लाल एरर येते. (माझा अर्धा दिवस यातच गेला होता.)

आणि बटणाभोवती सेफएरिया (फोनच्या कडेच्या पट्ट्यांपुरती जागा सोडणारं वेष्टन) लावा, नाहीतर खालच्या जेश्चरच्या पट्टीत ते अर्धं बुडतं.