छोट्या टाकीत दोन फायटर: घरच्या घरी पार्टिशन कसं करावं?

निळी_शेपूट

नमस्कार मंडळी, जरा घाईने सल्ला हवा आहे.

माझ्याकडे दीड वर्षापासून एक फायटर मासा (बेट्टा) आहे, गडद निळा, लांब शेपटीचा. टाकी आतून ४४ सेंमी लांब आणि २४ सेंमी रुंद. पाणी २४ सेंमी उंचीपर्यंत असतं, म्हणजे हिशेबाने २५ लिटर. गेल्या आठवड्यात मैत्रिणीने घर बदलताना तिचा तांबडा फायटर माझ्याकडे सोपवला. तोही नरच, आणि दोन नर एकत्र सोडले की भांडतात. सध्या तो चार लिटरच्या बरणीत आहे आणि मला ते बघवत नाही. फिल्टर नाही, हीटर नाही, रोज अर्धं पाणी बदलते तेवढंच.

दुसरी टाकी मांडायला जागा नाही. म्हणून आहे त्याच टाकीत मधोमध पार्टिशन घालावं असा विचार आहे. विकतचं या मापाचं मिळालं नाही. घरी करायचं तर जाळी कुठली घ्यावी, ती उभी कशी राहते, पाणी दोन्हीकडे खेळतं का? ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनी कृपया लिहा. माझ्या हौसेपायी दोघांपैकी एकही जखमी व्हायला नको.

काठावरचा_बगळा

ताई, करण्याआधी दोन गोष्टी.

एका फायटरला निदान १८-२० लिटर पाणी असावं असं बरेच अनुभवी लोक सांगतात. तुमच्या टाकीत खडी, झाडं, फिल्टर वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला ११ लिटरच्या आसपास जागा येईल. पोहायला ती कमीच. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की पाणी जाळीतून एक राहतं, त्यामुळे ११ लिटरच्या सुट्या भांड्यापेक्षा ते सावकाश बिघडतं. पण मासे दोन म्हणजे घाण दुप्पट. आठवड्यातून एकदा पाव पाणी बदलत असाल तर आता दोनदा बदला, आणि पहिले काही आठवडे अमोनिया-नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं) तपासत राहा. दोन्ही शून्यच हवेत.

दुसरं, तांबड्याला लगेच टाकीत घेऊ नका. पाणी एक झालं की आजारही एक. पांढरे ठिपके आले, पर कुजायला लागले, तर औषध दोघांनाही पडणार, निरोग्यालासुद्धा. दोन-तीन आठवडे त्याला वेगळं ठेवून नीट बघा. फक्त बरणीत नको, दहा-बारा लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या, त्यात छोटा स्पंज फिल्टर (एअर पंपाच्या हवेवर चालतो तो) आणि हीटर घाला. तेवढ्या दिवसांत पार्टिशनचं काम शांतपणे होईल.

जुनी_काच

वरच्या प्रतिसादातला वेगळं ठेवायचा सल्ला मनावर घ्या.

मी आतापर्यंत तीन पार्टिशनं केली. पहिलं फसलं. का फसलं ते आधी सांगतो, कारण जाळी कुठली घ्यावी यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

जाळी नीट कापली होती, काचेला सक्शन कपांनी धरून ठेवली होती, खालची कड खडीवर टेकवली होती. दहा दिवस सगळं उत्तम. अकराव्या दिवशी सकाळी दिवा लावला तर उजवा भाग रिकामा आणि डावीकडे दोघे. पांढरा मासा हीटरच्या मागे कलून पडलेला, कल्ले भराभर हलत होते. त्याच्या शेपटीच्या चिंध्या झालेल्या, मधल्या काड्या तेवढ्या उरलेल्या. मग टाकीच्या बाजूला गुडघे टेकून खालून बघितलं. जाळीच्या तळाशी बोटभर रुंदीचा खळगा पडला होता. फिल्टरच्या धारेने खडी रोज थोडी थोडी सरकत होती, आणि मी रोज बघत होतो ते फक्त वरून. मासा जगला, पण शेपूट भरून यायला दोन महिने गेले.

पार्टिशन मधोमध कधी फसत नाही, कडेला फसतं. तळ, दोन्ही बाजू, आणि वरची कड. सगळं डोकं तिथे लावा.

आता करायचं कसं ते.

जाळी: लोकरीचं भरतकाम करायला चौकोनी भोकांची प्लास्टिकची जाळी मिळते ना, ताठ, पोस्टकार्डासारखी वाकणारी, ती घ्या. साधारण एका इंचात सात भोकं असलेली. फायटर त्यातून जात नाही आणि पाणी मात्र आरामात जातं. काळी मिळाली तर काळीच घ्या. पांढऱ्या जाळीवर उजेड पडून ती झगझगते, काळी दोन दिवसांत नजरेआड होते.

पट्ट्या: कागद एकत्र धरायला स्टिक फाइलला प्लास्टिकची लांब पन्हळीसारखी पट्टी असते. अशा दोन पट्ट्या जाळीच्या डाव्या-उजव्या कडेवर सरकवायच्या. त्या काचेला घट्ट टेकतात आणि फट बुजते. धातूची चिमटी किंवा क्लिप असलेली पट्टी अजिबात नको.

माप: टाकीची आतली रुंदी तीन ठिकाणी मोजा, तळाशी, मध्ये आणि वर. तीनही माप सारखंच येईल असं धरून चालू नका. तळाच्या कोपऱ्यात सिलिकोनची जाडसर रेघ असते, तिथे जाळी अडते आणि बाजूला नकळत फट राहते. त्यासाठी जाळीचे खालचे दोन्ही कोपरे चिमूटभर तिरके छाटा. एकूण रुंदी, म्हणजे पट्ट्या धरून, टाकीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवा. किंचित वाकवून आत बसवली की स्वतःच्या ताणाने ती उभी राहते, डिंक नको की सक्शन कप नको.

तळ: खडी बाजूला सारून जाळी थेट तळाच्या काचेवर टेकवा आणि मग दोन्हीकडून तीन-चार सेंमी खडी ओढून घ्या. जाळी पाण्यात तरंगू पाहते, त्यामुळे तिला हे वजन लागतंच. फिल्टरची धार जिथे पडते तिथे एक चपटा दगड आडवा दाबून ठेवा.

वर: फायटर उडी मारतो. जाळी पाण्यावर तीन-चार सेंमी हवीच, शक्य असेल तर झाकणाला भिडेल एवढी. पण पाणी आणि झाकण यांच्यामध्ये हवेला जागा सोडा, हा मासा वर येऊन हवा घेतो.

कापल्यावर कडेला बारीक टोकं उरतात, ती नेलकटरने सपाट करा आणि बारीक पॉलिश पेपर फिरवा. मग जुना नायलॉनचा मोजा सगळ्या कडांवरून ओढून बघा. मोजा अडकला तर तिथे शेपूटही अडकेल.

निळी_शेपूट

जुनी_काच, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. पांढऱ्याबद्दल वाचून पोटात गोळा आला.

काही शंका आहेत. (१) पट्ट्या सिलिकोनने चिकटवल्या तर जास्त पक्कं होईल का? (२) घरात खिडकीला लावतात ती जाळी पडून आहे, ती चालेल का? (३) माझ्याकडे एकच छोटा स्पंज फिल्टर आहे, तो कुठल्या बाजूला ठेवू?

काचकाम

सिलिकोनबद्दल मी सांगतो, टाक्या जोडायचं काम बरंच केलंय.

तुमच्या बाबतीत सिलिकोन नको. त्या पट्ट्यांच्या आणि जाळीच्या प्लास्टिकला ते धड धरत नाही, महिन्या-दोन महिन्यांत सालीसारखं सुटून येतं. काच-काच जोडायला ते उत्तम. कायमचं करायचं असेल तर काचेच्या सेंटिमीटरभर रुंदीच्या चार पट्ट्या कापून घ्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन समांतर चिकटवा, मधल्या खाचेत जाळी वरून सरकवा. साफसफाईला ती उचलून काढता येते. पण त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी करावी लागेल.

सिलिकोन वापरणाऱ्या कुणालाही सांगणं एकच: ज्यावर बुरशीरोधक लिहिलंय ते न्हाणीघरासाठी असतं, त्यातलं औषध माशांना घातक आहे. शंभर टक्के शुद्ध सिलिकोन घ्या. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका. निदान ४८ तास, थर जाड असेल तर आणखी.

अ‍ॅक्रिलिकचा पातळ पत्रा आणून भोकं पाडायचा विचार कुणी करत असेल तर सांगतो: अ‍ॅक्रिलिक पाणी शोषतं आणि काही आठवड्यांत त्याला बाक येतो. मग कडेला फट पडते, म्हणजे वर जुनी_काच म्हणाले तीच गोष्ट.

जुनी_काच

खिडकीची जाळी वापरू नका. धातूची असेल तर गंजेल. जस्ताचा मुलामा किंवा तांबं असेल तर ते पाण्यात उतरतं आणि माशाला विष होतं. फायबरची असेल तर मऊ असल्यामुळे लोंबते, कापलेल्या कडेचे धागे सुटतात, आणि काहींवर डास मारायचं औषध लावलेलं असतं.

फिल्टरचं म्हणाल तर एअर पंपाच्या नळीला टी-जोड लावा, दुसरा छोटा स्पंज घ्या, दोन्हीकडे एकेक. त्याच टी-जोडावर झडपा असतील तर हवा कमी-जास्त करता येते. फायटरला जोराचा प्रवाह सोसत नाही. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत एकदिशा झडप घाला, म्हणजे वीज गेल्यावर पाणी उलटं येणार नाही. एकाच फिल्टरवर भागवायचं असेल तर तो जाळीला खेटून ठेवा. हीटरही जाळीजवळच. दोन्ही बाजूंचं तापमान वेगवेगळं मोजा, २५ ते २७ अंशांमध्ये असलं की झालं.

जाळीवर शेवाळ आणि बुळबुळीत थर बसून भोकं बुजतात. आठवड्याला जुन्या टूथब्रशने हलकं घासत जा. बुजलेल्या जाळीचा अर्थ एकच, टाकीचे दोन वेगळे डबके झाले.

गप्पीवाला

मध्येच विचारतो. गप्पीची पिल्लं आईपासून वेगळी ठेवायला हीच जाळी चालेल का?

जुनी_काच

नाही. नुकतं जन्मलेलं पिल्लू जेमतेम सहा-सात मिलिमीटर लांब आणि काडीसारखं बारीक असतं, ते त्या भोकातून सहज जाईल. पिल्लांसाठी जाळीऐवजी फिल्टरच्या स्पंजचा जाड पट्टा टाकीच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त कापून दाबून बसवा. पाणी झिरपतं, पिल्लू जात नाही.

शेवाळवेडी

सगळे माशाचं अंग अडवण्याबद्दल लिहिताय, मला त्याच्या नजरेबद्दल लिहायचं आहे.

दोन नर एकमेकांना दिवसभर दिसत राहिले तर कल्ले फुगवून, पर ताणून जाळीपाशी येरझाऱ्या घालत बसतात. थोडा वेळ ठीक. पण तासन्‌तास चाललं तर ते थकतात, खाणं सोडतात, काही जण स्वतःचीच शेपूट कुरतडतात. माझ्या एकाने तसं केलं होतं. मला आधी पर कुजल्यासारखं वाटलं, औषधही दिलं. नंतर लक्षात आलं की कड अर्धगोल, चावल्यासारखी तुटलेली आहे.

निळी_शेपूट, एका जाळीऐवजी दोन घ्या, मध्ये दीड-दोन सेंमी अंतर ठेवा आणि त्या फटीत जावा मॉस (पाण्यात वाढणारी शेवाळासारखी वनस्पती) सैलसर भरा. मॉसला फार उजेड लागत नाही. महिन्याभरात ते दोन्हीकडच्या भोकांतून बाहेर येतं आणि हिरवी भिंत तयार होते. गच्च मात्र कोंबू नका, पाणी अडेल. मॉस वाढेपर्यंत दोन्ही जाळ्या अर्ध्या भोकाने खाली-वर सरकवून बसवा, म्हणजे आरपार दिसणं बरंच कमी होतं. जागा थोडी जाते, पण तुमच्या निळ्याला दीड वर्षं एकट्याने राहायची सवय आहे, त्याच्यासाठी हे करा.

निळी_शेपूट

पाच आठवड्यांनी लिहिते आहे.

तांबडा तीन आठवडे टबात होता. अंगावर काही निघालं नाही, खातो छान. तेवढ्यात पार्टिशन केलं, दोन काळ्या जाळ्या, मध्ये मॉस. पहिली जाळी मी आखूड कापली, कारण रुंदी फक्त वरच मोजली होती. ती बाजूला ठेवून दुसरी तीन ठिकाणी मोजून कापली. कोपरे छाटले तेव्हा कुठे ती तळाला नीट टेकली. मोजा दोन ठिकाणी अडकला, तिथे पुन्हा पॉलिश पेपर मारला.

टाकीत सोडायच्या आधी निळ्याला जाळीच्या दुसऱ्या बाजूला हलवलं आणि खडी-झाडांची मांडणी बदलली, म्हणजे दोघांनाही आपापली जागा नवी. बरोबर केलं की नाही माहीत नाही, पण पहिल्या दिवशी दोघे झाडं धुंडाळण्यातच गुंतले होते. दुसऱ्या दिवशी निळ्याने मॉसच्या एका विरळ जागेतून तांबड्याला पाहिलं आणि कल्ले फुगवले. तिथे दोन बोटं मॉस वाढवलं. आता दिवसातून एखाद वेळ होतं, मिनिटभरात निघून जातो. अमोनिया, नायट्राइट शून्य. पाणी आठवड्यातून दोनदा बदलते. आणि बगळेदादा, तुमचं म्हणणं विसरलेले नाही. जागा झाली की तांबड्याला स्वतःची टाकी देणार आहे.

काल एक दिसलं: तांबड्याच्या बाजूला, स्पंज फिल्टरजवळ, खडी उतरती झाली आहे. काळजी करू का?

जुनी_काच

हो, करा. रात्री टॉर्च घेऊन टाकीच्या बाजूने, अगदी तळाच्या पातळीवरून बघा. जाळीची खालची कड उघडी दिसते का?

निळी_शेपूट

आत्ताच बघितलं. उघडी नाही, पण वर जेमतेम सेंटिमीटरभर खडी उरली होती. ओढून परत चार सेंमी केली, चपटा दगड दाबला, आणि त्या बाजूची हवा झडपेने कमी केली.